पाडव्याची खुर्ची

यंदा नवरात्राच्या थोडं आधी एक म्हातारा इंग्रज नट वारला. त्याच्या देशात लोकांनी म्हणे त्याच्या दाराशी फुलं ठेवली. निपाणीच्या हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या बाईला त्याचं सुतक असायचं काही कारण नव्हतं. मला त्याचं नावसुद्धा धड उच्चारता येत नव्हतं. पण बंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं त्याचा एक छोटा व्हिडिओ मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, हे आजोबा ना?"

माझे हात कणकेनं भरलेले होते. मी करंगळीनं फोन चालू केला. एका जुन्या सभागृहाच्या दारात कोट घातलेला एक सडपातळ माणूस उभा. समोर एक जाडजूड बाई हातवारे करून तक्रार सांगतेय. तो तिला हातानं थांबवतो, मनगट वर करतो, घड्याळाला सावकाश किल्ली देतो, घड्याळ कानाला लावून बघतो आणि मग म्हणतो, हं, आता बोला. कुठंतरी न दिसणारी माणसं खदाखदा हसतात.

चेहरा आप्पांचा नव्हता. चेहरा लांबुळका, गुलाबी. पण चेहरा सोडून बाकी सगळं आप्पांचं होतं. ती थांबवणारी दोन बोटं, तो किल्ली देताना खाली गेलेला ओठ, सगळं. मी कणीक तशीच टाकून स्टुलावर बसले.

आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावात सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बेळगावातलं, गल्ली मराठी, आणि आप्पा गल्लीतल्या मराठी वाचनालयाच्या कमिटीवर. सरकारी नोकरीमुळं त्यांना सीमाप्रश्नाच्या मोर्चात जाता यायचं नाही, म्हणून मोर्चा गल्लीतून जाताना ते दारात ताठ उभे राहायचे आणि मला पुढं ढकलायचे. दंडाला काळी फीत बांधून मी कुणाच्या तरी खांद्यावर बसून घोषणा द्यायचे. घोषणा मला आप्पांनीच पाठ करून घेतल्या होत्या. कुठल्या शब्दावर दम घ्यायचा हेसुद्धा त्यांनी शिकवलं होतं.

पण आमच्या आठवणीतले आप्पा मोर्चातले नाहीत. आमच्या आठवणीतले आप्पा गमतीचे. कुणी भांडण घेऊन आलं की ते आधी घड्याळाला किल्ली द्यायचे. कपाटाला धडकले तर कपाटाला म्हणायचे, "माफ करा, तुम्ही आधी उभे होता." दूधवाल्यावर आवाज चढला की मध्येच थांबून सांगायचे, "मी रागावलेलो नाही. मी फक्त मोठ्यानं विचार करतोय." दूधवाला हसायचा, आई हसायची आणि भांडण तिथंच संपायचं. आईचं मत असं की हा माणूस लाकडालासुद्धा दुखवत नाही. ते कपाटाचं तिनं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं असेल.

ते मोठ्यानं विचार करण्याचं वाक्य मी वर्गात वापरत आले. माझ्या शाळेत ते माझं म्हणून प्रसिद्ध आहे. निरोप समारंभात पोरं माझी नक्कल करतात तेव्हा तेच वाक्य म्हणतात, आणि दरवर्षी मी अभिमानानं सांगते की बाळांनो, हे माझ्या वडिलांचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या घरात टीव्ही नव्हता. अख्ख्या गल्लीत आला, आमच्याकडं आला नाही. आप्पा म्हणायचे की टीव्ही आणला की माणूस स्वतःचं डोकं भाड्यानं देतो. रविवारी सकाळी मी शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज धरून उभी राहायचे, तर आप्पा दारातून नुसते बघायचे आणि घड्याळाला किल्ली द्यायचे. मी मान खाली घालून घरी यायचे. मग आप्पा वाचायला पुस्तक द्यायचे. मी ते वाचायचे.

आणि गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाची बैठक असायची. आप्पा जायचे, पुस्तकं लावायला म्हणून माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, बरोबर न्यायचे. मी हट्ट केला की म्हणायचे, तिथं लई धूळ असते, तुला शिंका येतील. मला खरंच शिंका यायच्या, त्यामुळं बोलायला जागाच नव्हती. वाचनालय म्हणजे आप्पांचं देऊळ आणि मला त्यात धुळीमुळं प्रवेश नाही, असं मी धरून चालले. मोठेपणी मराठी घेऊन बी.ए. केलं ते त्या न पाहिलेल्या गुरुवारांपायी. मनात असं की आप्पा जिथं बसतात तिथं एक दिवस मीही बसेन.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि हे सगळं लिहायला बसले ते तिच्याचमुळं.

दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, तशी आई आप्पांना ओवाळायची. पाट, भोवती रांगोळी, तबकात निरांजन आणि सुपारी. आप्पा तबकात ओवाळणी घालायचे. दुसऱ्या घरांत इथं संपतं. आमच्याकडं आप्पा पाटावरून उठायचे, अंगात नसलेल्या कोटाची नसलेली बटणं लावायचे, कोपऱ्यातली त्यांची हातांची खुर्ची पुढं ओढायचे, रुमालानं झटकायचे आणि कमरेत किंचित वाकून म्हणायचे, "या बाईसाहेब, बसा. आजचा दिवस कचेरी तुमची." आई लाजून लाल व्हायची. मग ती बैठकीवरून तळहात फिरवायची, तळहाताकडं बघायची आणि पदर सावरून बसायची. आम्ही सगळे हसायचो. अण्णा तर इतका हसायचा की त्याला उठून बाहेर जावं लागायचं.

तो हात फिरवणं मला फार आवडायचं. दुकानाची पायरी चढताना माणसं हात लावतात ना, तसं काहीतरी ते असणार असं मला वाटायचं. त्या खुर्चीवर एरवी आप्पांशिवाय कुणी बसत नसे.

आमच्या गल्लीत माणसांसमोर बायकोला खुर्ची देणारा दुसरा पुरुष नव्हता. आईला दागिना मिळाला नाही, यात्रा घडली नाही, पण ती म्हणायची, "वर्षातनं एकदा का असेना, मला खुर्ची दिली माणसानं." लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला माझ्या नवऱ्यानं तबकात ओवाळणी टाकली आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात नापास करून टाकलं. तो बिचारा अजून नापासच आहे. आप्पा गेल्यावर अण्णा ती खुर्ची पुढं ओढतो, तोच कोट, तेच वाक्य. आई आता ऐंशीच्या पुढं आहे आणि दिवाळी आली की तिला फराळाची नाही, त्या खुर्चीची ओढ असते. मी निपाणीत सकाळी नवऱ्याला ओवाळते आणि दुपारच्या गाडीनं बेळगाव गाठते, भाऊबीज दुसऱ्या दिवशी असली तरी. कारण ती खुर्ची.

लेकीनं सगळी मालिकाच मला पाठवून दिली. शाळेतून आले की मी बघत बसायचे. समुद्रकाठच्या गावातलं एक सभागृह, त्याचा हा व्यवस्थापक, त्याची समजूत अशी की आपण नसलो तर गाव बुडेल. नादाला लागून मग त्या काळातल्या दुसऱ्या इंग्रजी विनोदी मालिकाही पाहिल्या. सगळ्यांत तेच सामान असतं. एक सोफा, एक जिना, एक दार, आणि त्या दारातून नेमका नको तेव्हा येणारा माणूस. कुणी शहाणं होत नाही, कुणी घर सोडून जात नाही. पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा त्याच सोफ्यावर. आणि ती न दिसणारी हसणारी माणसं. लेकीनं सांगितलं की ती खोटी नव्हती, मंचासमोर खरीच माणसं बसवलेली असायची.

खोटं कशाला सांगू, मी हसले. त्या नटाला एक विद्या येत होती. तो हरला की चेहऱ्यावर काहीच आणायचा नाही. सगळं सभागृह पाण्यानं भरलंय, महापौर खुर्चीवर उभे आहेत, आणि हा बाही सरळ करून शांतपणे विचारतो की चहा कुणाकुणाला. मला तो माणूस आवडला. त्याचे मित्र टीव्हीवर त्याच्याबद्दल बोलताना रडले तेव्हा मलाही भरून आलं. त्याच्याच तालावर मी मोठी झाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पण प्रत्येक भागात एक चपराक बसत होती. तो दाराला धडकला आणि दाराची माफी मागितली. बसली एक. तो पोस्टमनवर ओरडता ओरडता थांबला आणि म्हणाला की मी रागावलेलो नाही, मी फक्त मोठ्यानं विचार करतोय. अगदी तेच, शब्दाला शब्द, इंग्रजीत. मी फोन पालथा घातला. आयुष्यभर वर्गात मी जे माझ्या बापाचं म्हणून मिरवलं, ते एका परक्या माणसाला कुणीतरी लिहून दिलेलं होतं.

मला त्या वेळी आप्पांचा भयंकर राग आला. हसवलंत ते ठीक, कुठून का आणलेलं असेना. पण टीव्हीला नावं ठेवून मला खिडकीवरून परत बोलावायचं, आणि परत बोलावताना घड्याळाला किल्ली द्यायची ती टीव्हीतलीच? आणि घरात टीव्ही नाही तर हे सगळं पाहिलं कुठं? सिनेमाच्या थिएटरात असल्या मालिका लागत नाहीत.

एका रविवारी मी बेळगावला गेले. अण्णाचं चष्म्याचं दुकान आहे. घरी आईसमोर बोलायचं नव्हतं म्हणून थेट दुकानात गेले आणि विचारलं, "अण्णा, गुरुवारी तुम्ही दोघं कुठं जात हुता?"

तो काच पुसत होता. म्हणाला, वाचनालयात. मी फोन त्याच्यापुढं धरला. व्यवस्थापकानं मनगट वर केलं मात्र, अण्णा लहान पोरासारखा हसायला लागला. मग खाली तो वारल्याचं वाचून एकदम थांबला, म्हणाला, "ह्यो गेला व्हय गं?" आणि चष्मे पुसायच्या त्या मऊ फडक्यानं त्यानं डोळे पुसले. त्याच्या त्या रडण्यानं माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या माहितीत नसलेल्या माणसासाठी माझा सख्खा भाऊ माझ्यासमोर रडत होता.

मग त्यानं सांगितलं. आप्पांचे एक वरिष्ठ साहेब होते, कन्नड माणूस, निवृत्त होऊन कॅम्पात बंगल्यात एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगा इंग्लंडात. तो मुलगा व्हिडिओ कॅसेट पाठवायचा. एकट्यानं विनोद बघवत नाही म्हणून साहेबांनी आप्पांना बोलावलं. आप्पा एकदा गेले आणि मग दर गुरुवारी जात राहिले. इंग्रजी भराभर समजायचं नाही, म्हणून साहेब कॅसेट थांबवून कन्नडात समजावायचे, आप्पा ते अण्णाला मराठीत समजावायचे, आणि अण्णा हसला की ते दोघं पुन्हा हसायचे. एकेक भाग बघायला सगळी संध्याकाळ जायची. वाचनालयाची बैठक महिन्यातून एकदाच असायची, तीही मंगळवारी.

माझ्या डोळ्यांपुढं तो बंगला उभा राहिला. आप्पा, जे घरात कन्नडचा एक शब्द काढायचे नाहीत, ते तिथं कन्नडात हसत होते. चहा पीत, पाय पसरून. आणि उरलेलं हसू पुडीत बांधून आमच्यासाठी घरी आणत होते. आम्ही ते उष्टं ताजं म्हणून खाल्लं.

मी विचारलं की लपवायचं काय होतं त्यात. अण्णा म्हणाला की त्या दिवसांत वाचनालयाच्या कमिटीवरचा माणूस दर आठवड्याला कन्नड साहेबाच्या घरी बसतो हे कळलं असतं तर गल्लीत आप्पांशी कुणी बोललं नसतं. आणि टीव्ही घरी आणला असता तर तिकडं जायला आप्पांच्या मनालाच सबब उरली नसती.

"गल्लीचं कळलं. मला का न्हाय सांगितलं?"

"तुला सांगून चाललं असतं व्हय? तू सगळ्यांच्या पुढं घोषणा देत जायचीस. आप्पा भ्यायचे तुला."

मी लहान पोर होते. घोषणा आप्पांनी शिकवल्या, फीत आप्पांनी बांधली, खांद्यावर आप्पांनी चढवलं, आणि मग त्याच पोरीला भिऊन तिच्यापासून दार लावून घेतलं. ते नुसतं टीव्हीचं असतं तर मी विसरलेही असते. मराठीचं सगळं त्यांनी मला दिलं आणि स्वतःचा आनंद मात्र कॅम्पात ठेवला. अण्णाला नेलं. मला धूळ सांगितली.

जाता जाता मी विचारलं, "आणि पाडव्याची खुर्ची?" अण्णानं फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत मान खाली घातली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो उठला. मी जरा वेळ थांबले, तो काही परत माझ्याकडं वळला नाही.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब करत बसले. किल्ली गेली, कपाट गेलं, वाक्य गेलं, जाऊ देत. पण ती खुर्ची आईची होती. आईकडं दुसरं काही नव्हतं. एवढं एक तरी आमच्या घरात जन्मलेलं असू दे, असं मी संकेश्वर येईपर्यंत जप केल्यासारखं म्हणत होते. घरी आले आणि उरलेले भाग बघायला सुरुवात केली. खुर्ची दिसली की अंगावर काटा यायचा, दुसरीच निघाली की जीव भांड्यात पडायचा.

खुर्ची सापडली. अगदी शेवटच्या भागांपैकी एकात होती. व्यवस्थापकाला मासे धरायला जायचंय आणि बायको त्याला सोडत नाहीये. सभागृहातल्या खुर्च्यांना त्याच दिवशी रंग दिलाय. हा उठतो, कोटाची बटणं लावतो, ओल्या रंगाची एक खुर्ची पुढं ओढतो, रुमाल काढून वरच्या वर झटकल्यासारखं करतो, कमरेत वाकतो आणि बायकोला म्हणतो की या राणीसाहेब, आज सभागृह तुमचं. ती बिचारी खुलते. बसते. चिकटते. तो तिच्या मागं जातो, प्रेक्षकांकडं बघून एक डोळा मिचकावतो आणि गळ घेऊन निघून जातो. ती उठायला बघते तर खुर्ची तिच्याबरोबर उठते. त्या न दिसणाऱ्या माणसांचं हसणं थांबता थांबत नाही.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. राणीसाहेबच्या जागी बाईसाहेब, सभागृहाच्या जागी कचेरी. आणि तो डोळा. आमच्या घरी आई बसली की आप्पा तिच्या मागं जायचे, हे मला आठवत होतं. मी आईकडं बघत असायचे, कारण मला तिचा लाजलेला चेहरा बघायचा असायचा. आप्पा मागं जाऊन काय करायचे ते मी कधी बघितलंच नव्हतं. ते बघणारा अण्णा होता, भिंतीला टेकून बसलेला, हसून हसून बाहेर पळणारा.

म्हणजे आईला दरवर्षी, भर पाडव्याला, कुंकवाच्या हातांनी ओवाळून झाल्यावर, दोन पुरुष मिळून चिकटवत होते. ज्या गोष्टीवर ती सगळा जन्म काढत होती ती थट्टा होती, आणि ती तिच्या पाठीमागं चालली होती. मी रडले. रागानं रडले. नवरा येऊन विचारून गेला काय झालं म्हणून, आणि मी त्याला म्हटलं की तुम्ही निदान सरळ जेवायला मागितलंत. तो गोंधळून परत गेला.

आईला हे कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. तिचे किती पाडवे उरलेत कुणास ठाऊक. पण यापुढं ती खुर्ची होऊ द्यायची नाही, हेही ठरवलं. माझ्यासमोर तिला कुणी चिकटवायचं नाही.

पाडव्याला मी बेळगावात पोचले तेव्हा वहिनीनं रांगोळी काढून ठेवली होती. तिनं अण्णाला ओवाळलं. अण्णानं ओवाळणी घातली, पाटावरून उठला, आणि त्याची बोटं छातीपाशी गेली, नसलेल्या बटणांवर. त्यानं खुर्ची ओढली. रुमाल काढला. आई कोपऱ्यात काठी धरून उभी राहिली होती, नटून, केसांत फूल नव्हतं एवढंच. मी पुढं झाले आणि खुर्चीच्या बैठकीवर हात दाबून धरला.

"यंदा खुर्ची नको," मी म्हटलं.

अण्णा तसाच अर्धा वाकलेला राहिला. वहिनीनं तबक खाली ठेवलं. आईनं विचारलं, का गं, मोडली काय? मी म्हटलं की तुला उठता-बसता त्रास होतो, पाटावरच बस, नाहीतर कॉटवर बस. काहीतरी बडबडत होते. आईनं माझ्याकडं बघितलं, मग अण्णाकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघायला लागला.

आई काठी टेकत जवळ आली. तिनं माझा हात हळूच बाजूला केला. खुर्चीच्या बैठकीवरून तिनं तळहात फिरवला, नेहमीसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळहात स्वतः बघितला. आणि मग तो मला दाखवला.

"बघ. वाळलाय रंग."

वहिनी फिसकन हसली आणि तिनं तोंडावर पदर धरला. अण्णाही हसला, पण माझ्याकडं न बघता. मी आईच्या त्या तळहाताकडं बघत राहिले. सुरकुतलेला, स्वच्छ, कोरडा.

"तुला ठाऊक हुतं?"

आई खुर्चीत बसली, पदर सावरला. तिनं सांगितलं की खुर्चीच्या पहिल्याच पाडव्याला आप्पांनी तिला बसवलं आणि मागं जाऊन इतके हसायला लागले की तिला संशय आला. तिनं धरून विचारल्यावर त्यांनी साहेब, कॅसेट, ओला रंग, सगळं सांगितलं. ती आधी चिडली. मग म्हणाली की दरवर्षी करा, पण मी हात फिरवून बघणार आणि मगच बसणार. तो भाग तिचा होता, इंग्रजाचा नव्हे. पुढं गुरुवारी साहेबांच्या घरी ती चकल्या पाठवायची.

म्हणजे चकल्यासुद्धा. वहिनीला लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी घरातली एकेक माणसं मनात धरून बघितली आणि शेवटी एकटी मीच उरले. आईला वाचवायला म्हणून मी निपाणीहून आले होते.

"आई, मग मला का न्हाय सांगितलंत? मी आता काय लहान हाय? आप्पा गेल्यावर तरी सांगायचं."

आईनं खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. ती काही लपवायला बघत नव्हती, तिला खरोखरच ते साधं वाटत होतं.

"तू असं डोळं मोठं करून बघायचीस गं. तुझे आप्पा म्हणायचे, तिला सांगू नका. कुणीतरी एक खरं मानणारं लागतंय की. सगळ्यांनाच ठाऊक असलं तर हसायचं कशाला बघून?"

म्हणजे इतकी वर्षं ते खुर्चीला हसत नव्हते. आईलाही हसत नव्हते. तो मिचकावलेला डोळा माझ्या डोक्यावरून जात होता. मी त्या घरातली समोर बसवलेली खरी माणसं होते.

आई म्हणाली, आता तू बस, यंदा तुझी पाळी. अण्णा लगेच सरसावला, त्यानं रुमाल पुन्हा काढला, वहिनीनं आईला धरून उठवलं. सगळ्यांना वाटत होतं की आता मला सांगून झालं, आता मीही त्यांच्यातली. मी म्हटलं, निरांजन विझेल, आणि तबक उचलून आत गेले. बाहेर अण्णा आईला हळू आवाजात विचारत होता की ती रागावली काय. आई म्हणाली, न्हाय रं, ती मोठ्यानं विचार करायची, आता मनात करतीया. दोघं हसली.

मी ओट्यावर तबक ठेवलं. खुर्चीवर दाबून धरलेला तो हात मी दिव्याजवळ नेला आणि उलटा करून बघितला. कोरडाच होता.